टेक्सासात छंद, नागपुरात ‘शेवटी आयटीआयच’



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे आणि आधीच सांगून टाकतो, भांडायला बसलो आहे. भांडण नातेवाइकांशी आहे. त्यातले निम्मे हा ब्लॉग वाचतात (न वाचता वाचल्याचं सांगणारे वेगळे :) ), म्हणून जे काय ते इथेच मांडतो. एकेकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा हे बरं. ब्लॉगमित्रांनी पंच म्हणून बसावं.

तर प्रकरण असं. माझ्या धाकट्या बहिणीची नात यंदा दहावी झाली. गणित आणि विज्ञानात उत्तम गुण. पोरीने ठरवलं की आयटीआयला जायचं आणि ‘टूल अँड डाय मेकर’ हा ट्रेड घ्यायचा. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, पुढे अप्रेंटिसशिप. हे कळल्यावर घरच्या ग्रुपवर असे संदेश आले, जणू घरात काही अशुभ घडलं. “एवढे मार्क असून आयटीआय?” “मुलीने काय ऑइल-ग्रीसमध्ये हात घालायचे?” “तिला कुणीतरी समजवा.” आमच्या एका भाऊजींनी तर निकालच लावला : “डाय म्हणजे शेवटी साचा. साच्यात टाकलं की वस्तू निघते. त्यात दोन वर्षं शिकायचं काय?”

त्याच ग्रुपवर, त्याच महिन्यात, टेक्सासहून आमच्या भाच्याचा व्हिडिओ आला. भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे, रायफल नेमबाजीचा छंद आहे, आणि आपली काडतुसं तो घरी गॅरेजमध्ये स्वतः भरतो. तिकडे स्वतःच्या वापरासाठी ते कायदेशीर आहे. व्हिडिओत काय होतं? टेबलाला घट्ट बसवलेला एक छोटा प्रेस, त्यात फिरवून बसवलेली डाय, आणि आमचा भाचा ती डाय केसभर खाली, केसभर वर करतोय, व्हर्नियरने मोजतोय, पुन्हा फिरवतोय. चार मिनिटं नुसतं तेच. त्यावर प्रतिक्रिया : “वा, किती बारकाईचं काम!” “इंजिनिअरचं डोकं आहे शेवटी!” “बघा मुलांनो, पेशन्स म्हणजे काय.” आणि भाऊजींचा अंगठा.

म्हणजे डाय फिरवणाऱ्याचं कौतुक, आणि ती डाय घडवायला निघालेल्या पोरीचं सांत्वन! राजेहो, हा कुठला न्याय? काम तेच. टेक्सासात केलं तर छंद आणि नागपूर जिल्ह्यात केलं तर ‘शेवटी आयटीआयच’?

भाऊजींनी ‘त्यात शिकायचं काय’ हा प्रश्न विचारलाच आहे, तर मास्तरच्या सवयीने उत्तर देतो. भाच्याला मी व्हिडिओवर तासभर बसवून सगळं विचारून घेतलं. इथले एक निवृत्त सेटरही ओळखीचे आहेत. आयुष्य दारूगोळ्याच्या कारखान्यात गेलं त्यांचं. कारखान्यातलं त्यांनी मला काही सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही, पण डाय म्हणजे काय हे मात्र खडू घेऊन समजावून दिलं. मी आयुष्यभर फळ्यासमोर उभा राहिलो, पण एवढी नीट आकृती मला कधी जमली नव्हती.

आपण ज्याला सरसकट ‘गोळी’ म्हणतो ते खरं तर काडतूस. त्याचे चार भाग : पितळी केस, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी म्हणजे प्राइमर, आत दारू, आणि तोंडात बसवलेली खरी गोळी. उडते ती फक्त शेवटची. आता ही गोळी केसच्या तोंडात किती खोल बसवायची, हे पहिलं काम. आणि बसवल्यावर केसचं तोंड गोळीभोवती किंचित आत आवळायचं, हे दुसरं काम. त्याला क्रिंप म्हणतात. गंमत अशी, की बहुतेक वेळा ही दोन्ही कामं एकाच डायने होतात. आणि म्हणूनच ती डाय लावणं कठीण.

डायच्या आत वर एक दांडी असते, ती गोळीला खाली दाबते. ही दांडी स्वतंत्रपणे वर-खाली फिरवता येते. आणि डायच्या आतल्या भिंतीला एके ठिकाणी अरुंद कडा असते. केसचं तोंड त्या कडेला टेकलं की तोंड आत वळायला लागतं. म्हणजे दांडी ठरवते खोली, आणि अख्खी डाय किती खाली उतरली आहे हे ठरवतं आवळणं. दोन फिरकी आणि दोन मापं, पण एक हलवलं की दुसरं बिघडतं. डाय खाली घेतली की तिच्यासोबत दांडीही खाली येते!

म्हणून शहाणा माणूस घाई करत नाही. आधी रिकामी केस प्रेसमध्ये वर चढवतो, डाय हाताने फिरवत खाली आणतो. कडा तोंडाला टेकल्याचं बोटांना कळतं. तिथून तो डाय उलटी, साधारण एक फेरा, वर घेतो आणि लॉक रिंग आवळतो. आता आवळणं होणारच नाही, फक्त गोळी बसेल. मग दांडीने खोली जुळवतो, एकेक काडतूस मोजत. सगळ्या गोळ्या एका खोलीवर बसल्या की दांडी वर काढून घेतो, डाय पुन्हा खाली आणतो, आणि मग जरा जरा करत तोंड आवळतो. मनासारखं झालं की शेवटी दांडी गोळीला टेकवून ठेवतो. बसवणं वेगळं, आवळणं वेगळं. दोन्ही एका दमात करायला गेलं तर तोंड आत वळत असतानाच गोळी अजून खाली सरकत असते. मग पितळ गोळीला खरवडतं, नाहीतर स्वतःच चुरगळतं.

‘जरा जरा’ म्हणजे किती? हे सहावीचं गणित आहे. अशा डायला बाहेरून आटे असतात, एका इंचात १४. म्हणजे एक पूर्ण फेरा दिला की डाय १/१४ इंच सरकते, म्हणजे साधारण १.८ मिलिमीटर. फेऱ्याचा आठवा हिस्सा दिला तर ०.२३ मिलिमीटर. कारखान्याच्या भाषेत नऊ थाऊ. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.) वहीची दोन-तीन पानं एकावर एक ठेवली की तेवढी जाडी होते. त्या दोन-तीन पानांत बरं काडतूस आणि फेकून द्यायचं काडतूस यातला फरक असतो.

कारण डाय जास्त खाली गेली तर जास्तीचा दाब जिरवायला पितळाला जागा लागते. तोंडाला ती मिळत नाही, मग खांद्यापाशी केस फुगते. डोळ्यांना दिसतही नाही, पण असं काडतूस रायफलच्या घरात शिरत नाही, अडकतं. डाय कमी खाली गेली तर पकड सैल राहते. आपोआप भरणाऱ्या रायफलमध्ये काडतूस दणक्याने पुढे ढकललं जातं, तेव्हा गोळी आत ढकलली जाऊ शकते. गोळी आत गेली की दारूला जागा कमी, आणि जागा कमी की दाब जास्त. आणि बरं का, गोळी फार बाहेर राहिली, इतकी की नळीतल्या खाचांना टेकली, तरीही दाब वाढतो. इकडे विहीर, तिकडे आड. आणि हा सगळा दाब वापरणाऱ्याच्या चेहऱ्यापासून एक वीतभर अंतरावर.

भाच्याने अजून एक सांगितलं, ते मला सगळ्यात आवडलं. डाय अचूक लावली तरी सगळी काडतुसं सारखी होतीलच असं नाही. कारण आवळणारी कडा एका जागी स्थिर असते आणि केसेस लांबीला कमी-जास्त असतात. एकदा उडवलेली पितळी केस थोडी ताणली जाते. त्याची .३०८ विंचेस्टरची केस जास्तीत जास्त २.०१५ इंच चालते, कापून २.००५ करतात. दहा थाऊंचा फरक. लांब केस कडेला आधी भिडते आणि जास्त आवळली जाते, आखूड केस कडेपर्यंत पोचतच नाही. तेव्हा आधी सगळ्या केसेस एका लांबीच्या करायच्या, मग डायला हात लावायचा. बोल्ट हाताने ओढायच्या रायफलीसाठी बरेच निशाणेबाज तोंड आवळतच नाहीत, मानेची पकडच पुरते. कुठे आवळायचं आणि कुठे हात आवरायचा, हेही ज्ञानच.

भाऊजी, हे सगळं साच्यात टाकलं की निघत नाही हो. हे कुणाला तरी लावावं लागतं. आणि त्याआधी ती डाय, ती कडा, तो आतला व्यास, कुणाला तरी पोलादात घडवावा लागतो. त्या घडवणाऱ्याचं नाव टूल अँड डाय मेकर. आपली पोरगी तेच शिकायला निघाली आहे.

आता कुणी म्हणेल, गुरुजी, ते अमेरिकेचं झालं, आपल्याकडे कुठे काडतुसं भरतात? घरी तर भरायचीच नाहीत! १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. माझ्या लिहिण्याचा उलटा अर्थ कुणा उत्साही पोट्ट्याने काढू नये. पण आपल्याकडे हे काम होत नाही असं कोण म्हणतं? काडतूस म्हटलं की आपल्याला फक्त १८५७ आठवतं. ती काडतुसं कागदाची होती. त्यानंतर बारा वर्षांनी, १८६९ साली, पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, तो आजही आहे. भुसावळजवळ वरणगावचा कारखाना १९६४चा, रायफलची काडतुसं हेच त्याचं मुख्य काम. आमच्या नागपुरात अंबाझरीला तोफगोळ्यांचे धातूचे भाग घडतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे सगळे कारखाने सरकारी कंपन्यांमध्ये विभागले गेले. खडकी-वरणगाव म्युनिशन्स इंडियात, अंबाझरी यंत्र इंडियात, आणि यंत्र इंडियाचं मुख्यालयच नागपूर.

तिथली यंत्रं भाच्याच्या प्रेससारखी नाहीत, प्रचंड आहेत. पण प्रश्न तोच : गोळी किती खोल, तोंड किती आवळलेलं, आणि पहिलं काडतूस व शेवटचं काडतूस सारखं आहे का. गोळी केसमधून ओढून काढायला किती जोर लागतो, याचीही चाचणी असते. ती चाचणी म्हणजे डाय लावणाऱ्याचं प्रगतिपुस्तक. भाच्याचं चुकलं तर त्याची शंभर काडतुसं फुकट. कारखान्यातल्या सेटरचं चुकलं आणि ते नजरेतून सुटलं, तर सीमेवर कुणाच्या तरी मुलाची रायफल ऐन वेळी अडकते. आता सांगा, जास्त अक्कल आणि जास्त जबाबदारी कुठे? गॅरेजात की वरणगावला?

पण आपण टाळ्या कुणासाठी वाजवतो? १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकलं, तेव्हा मीही टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवल्या. वाजवायलाच हव्यात. त्या स्पर्धेत .२२ची काडतुसं लागतात. ती घरी भरताच येत नाहीत, कारण ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत असतो आणि एकदा घोडा पडला की ती कडा चेपते. मग मोठे नेमबाज काय करतात? एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट आपल्या रायफलमधून उडवून बघतात आणि त्यातला एक लॉट निवडून घेतात. म्हणजे त्या दिवशी त्या कारखान्यात यंत्र कुणी लावलं होतं, त्याचा हात ते निवडत असतात! नेमबाजाला सेटरची किंमत कळते. कळत नाही ती आपल्याला.

आमच्या भागाला तर ही माणसं फक्त वाईट दिवशी आठवतात. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट झाला, कामगार गेले. त्याचा डायशी काही संबंध नाही, पण दोन दिवस सगळे हळहळले. तिसऱ्या दिवशी पुन्हा “पोराला फॅक्टरीत नको हो टाकू.” मेल्यावर शहीद, आणि जिवंतपणी ‘फॅक्टरीतला’.

आता तुमचे आक्षेप घेतो, टाळत नाही.

पहिला आक्षेप माझ्या बहिणीचाच. “दादा, काडतुसं म्हणजे हिंसा. पोरीने त्यात का पडावं?” आक्षेप प्रामाणिक आहे आणि मला त्याचा आदर आहे. पण ताई, भाच्याच्या व्हिडिओखाली तो तू लिहिला नाहीस. आणि डाय फक्त काडतुसाची नसते. इंजेक्शनच्या बाटलीवरचं ॲल्युमिनियमचं झाकण असंच आवळलेलं असतं. सैल राहिलं तर औषध दूषित, जास्त आवळलं तर काचेची मान तडकते. आमच्या खापरखेड्याच्या वीज केंद्रात, १३४० मेगावॅटच्या त्या पसाऱ्यात, केबलच्या टोकाला तांब्या-ॲल्युमिनियमचे लग असेच डायमध्ये दाबून क्रिंप करतात. क्रिंप सैल राहिला की जोड तापतो आणि जळतो. इथल्या कुठल्याही इलेक्ट्रिशियनला विचार. तुझ्या स्वयंपाकघरातला डबा, पातेलं, कुकरचं झाकण, सगळं कुणाच्या तरी डायमधून आलेलं आहे. पोरीने कुठली डाय घडवायची ते ती ठरवेल.

दुसरा आक्षेप : “आता सगळं कॉम्प्युटर करतो.” करतो ना. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनला काय कापायचं हे सांगतो कोण? आणि चुकीचं सांगितलं तर मशीन तीच चूक दहा हजार वेळा अगदी अचूक करतं.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. अप्रेंटिसला मिळणाऱ्या पैशात घर चालत नाही, कंत्राटी नेमणुका वाढल्या आहेत, कायम नोकरीची खात्री नाही. खरं आहे. पण हीच खात्री इंजिनिअरिंगच्या पदवीला आहे का? आपल्याच घरात बी.ई. होऊन, चार वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊन, घरी बसलेली मुलं किती, ते मी इथे मोजत नाही. तुम्ही मोजा. आणि कारागिराला पैसे कमी मिळतात याचं एक कारण हेही आहे, की आपण त्याला किंमत देत नाही. किंमत द्यायची नाही, आणि मग किंमत नाही म्हणून नावं ठेवायची!

चौथा आक्षेप कुणी बोलत नाही, पण असतो. लग्नाच्या पत्रिकेत काय लिहायचं? त्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि द्यायची इच्छाही नाही.

मला राग या गोष्टीचा येतो, की हे सगळं आपण नागपूर-वर्ध्याच्या मातीत बसून बोलतो. १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली होती. हाताच्या कामातून मूल शिकलं पाहिजे, असं गांधीजींनी तिथे मांडलं. त्यांच्यासमोर टकळी होती, काडतूस नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण मुद्दा होता तो बोटांना आणि बुद्धीला वेगवेगळ्या बाकांवर न बसवण्याचा. मी वर्गात अपूर्णांक शिकवले तेव्हा मुलं विचारायची, “गुरुजी, हे कुठं कामी येते?” १/१४ चा आठवा हिस्सा इथे कामी येतो. पण ज्या पोराचे अपूर्णांक पक्के त्याला आपण आयटीआयकडे फिरकू देत नाही, आणि ज्याचे कच्चे त्याला ‘जा मग आयटीआयला’ म्हणून पाठवतो. मग देशी मालाला नावं ठेवायला आपण मोकळे.

आपल्याकडे एक शब्द फार लाडका आहे : ‘चालतं’. थोडं कमी-जास्त चालतं. दार नीट लागत नाही, चालतं. नळ टपकतो, चालतं. डायपाशी हा शब्द बंद पडतो. तिथे नऊ थाऊ म्हणजे नऊ थाऊ. ज्या पोरीला वयाच्या सोळाव्या वर्षी ‘चालतं’ म्हणायचं नाही, मोजायचं आहे, तिला घरातल्या मोठ्या माणसांनी मागे ओढू नये, एवढंच माझं म्हणणं.

असो. बरंच लांबलं. पंचांनी आपला निकाल खाली लिहावा, विरुद्ध गेला तरी छापतो. नातेवाइकांना एक विनंती. पोरीला समजवायला फोन करू नका, तिचा अर्ज भरून झाला आहे. काही द्यायचंच असेल तर सगळ्यांनी मिळून तिला एक चांगला व्हर्नियर घेऊन द्या. भाऊजी, कुठला घ्यायचा ते टेक्सासला विचारा, त्यांचा आणि तुमचा तिथे चांगला वट आहे :)